अनोळखी बोर्डाच्या पोटातली बदकं

घाबरू नका, हात लावलात तरी शॉक बसणार नाही. वीज सोडलेली नसते तेव्हा आम्ही मंडळी अगदी गरीब असतो. जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात उभे खोचतात ना, त्यांतला मी एक सर्किट बोर्ड. लांबी दीड वीत, अंग हिरवं, त्यावर काळ्या चिपांच्या रांगा आणि खालच्या कडेला सोनेरी दात. बहुतेक बोर्डांच्या कपाळावर कंपनीचं नाव आणि नंबर छापलेला असतो. माझं कपाळ मात्र कोरं. त्या कोऱ्या कपाळापायी दोन बहिणींचं बोलणं बंद झालं होतं. ते कसं झालं आणि पुढे काय झालं, ते सांगतो.

माझा जन्म सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत झाला. तिथे एक इंजिनिअर बाई काम करायच्या. त्यांचा चष्मा इतका जाड होता की सगळे त्यांना चष्मेवालीच म्हणत. खालून टायरच्या रबराचा वास यायचा, वर तारा जोडायच्या सोल्डरचा धूर. एके दिवशी त्यांच्याकडे दोन बहिणी आल्या. स्वेटर विणायचा त्यांचा छोटा कारखाना होता. थोरलीला सगळे अक्का म्हणत. ती बोलायला फटकळ, व्यवहाराला पक्की. धाकटीला सगळे धाकटीच म्हणत. ती बोलायची कमी, पण तिच्या पिशवीत चौकटीच्या कागदांची गुंडाळी कायम असायची.

"आमच्याकडे विणायचं मशीन आहे," अक्का म्हणाली. "साधे स्वेटर झकास होतात. पण नक्षी म्हटलं की आमच्या पोरींचे डोळे जातात. तुमच्या त्या कॉम्प्युटरकडून नक्षी विणून घेता येईल का?"

चष्मेवालीने डोकं खाजवलं आणि म्हणाली, "येईल. मधे एक कार्ड बनवावं लागेल."

ते मधलं कार्ड म्हणजे मी. कॉम्प्युटर आणि मशीन यांची भाषा वेगळी, आणि मी दोघांमधला दुभाषा. माझ्या पाठीमागून एक जाडजूड केबल निघायची ती थेट मशीनला जायची. मशीनवर सुयांची लांबच लांब रांग असते आणि त्यांवरून एक गाडी डावीउजवीकडे धावते. तिला कॅरेज म्हणतात. कॅरेज धावताना कोणती सुई पुढे करायची आणि कोणती मागे ठेवायची, हे मी सांगायचो. पुढे केली तर पांढरा टाका, नाहीतर निळा.

नक्षी धाकटीने काढली. चौकटीच्या कागदावर तिने बदकांची रांग भरली. सगळी बदकं उजवीकडे चाललेली, आणि शेवटचं तेवढं मान वळवून मागे बघणारं.

"हे चुकलंय का?" चष्मेवालीने विचारलं.

"नाही. पाठीमागून कुणी येतंय का, ते एकाने तरी बघायला नको?" धाकटी म्हणाली.

भरलेला चौकोन म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य, अशा हिशेबाने ती बदकं माझ्या एका चिपमध्ये जाऊन बसली. त्या चिपला वर काचेची इवलीशी खिडकी आहे. तिच्यावर ऊन पडत राहिलं तर आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून चष्मेवालीने तिच्यावर काळी पट्टी चिकटवली. माझ्यासारखा दुसरा बनवायचाच नव्हता, त्यामुळे नाव छापायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. एकुलत्या एक पोराला घरात हाक मारायला नाव लागतंच कुठे?

कारखान्यातले ते दिवस फार सुखाचे. लोकरीचं बारीक बारीक तूस सगळीकडे उडत असायचं. ते माझ्याही अंगावर बसायचं, आणि खोटं कशाला बोलू, ऊबदार वाटायचं. सकाळी अक्का बटण दाबायची, माझ्या अंगातून वीज खेळायची आणि कॅरेजची खर्र-खट, खर्र-खट सुरू व्हायची. मशीनखालून बदकं एकामागून एक उतरायची. पहिल्या दिवशी अख्खा कारखाना गोळा होऊन बघत उभा होता. लहान मुलांच्या स्वेटरला एवढी मागणी आली की अक्काला दुपारी जेवायची फुरसत मिळेना. दुकानात आलेली पोरं आधी मागे बघणारं बदक शोधत. ते पाठीवर आलेला स्वेटर काहींना नकोच असायचा, स्वतःला दिसत नाही म्हणून.

बहिणी भांडायच्याही. लोकरीचा रंग, गिऱ्हाइकाचा स्वभाव, चहातली साखर, कशावरूनही. पण ती भांडणं भाजीतल्या फोडणीसारखी, त्याशिवाय त्यांना दिवस अळणी वाटायचा.

मग एके दिवशी कॉम्प्युटरचा वीजपुरवठ्याचा डबा जळला. अक्का मालाच्या कामासाठी बाहेरगावी गेली होती. धाकटीने पुलाजवळच्या दुकानातल्या मेकॅनिकला बोलावलं. तो गृहस्थ कायम घाईत. त्याने कॉम्प्युटर उघडला, आम्हा सगळ्या कार्डांना बाहेर ओढलं आणि "दुकानात नेऊन साफ करून आणतो" म्हणत बरोबर नेलं. दुकानात आमच्यासारखी आणखी कितीतरी मंडळी टेबलावर पसरलेली होती. परत भरताना त्याने बाकीचे कपाळावरची नावं बघून उचलले, आणि मी बिननावाचा एका खोक्यात सरकलो तो तिथेच राहिलो. मी ओरडून ओरडून सांगितलं असतं, पण वीज नसताना आमची बोलती बंद.

पुढचं मला फार नंतर कळलं, पण सांगायची जागा हीच. कॉम्प्युटर सुरू झाला, मशीन मात्र मुकं. मेकॅनिक छातीठोकपणे म्हणाला, "जे नेलं ते सगळं परत दिलं." अक्का गावाहून आली. दुर्दैवाने त्याच सुमाराला एका दुसऱ्या कारखानदाराने धाकटीला भागीदारीसाठी विचारलं होतं. तिने नाही म्हणून सांगितलंही होतं. पण अक्काच्या डोक्यात एकाला एक जोडून तीन झाले.

"कारखान्यात तू होतीस आणि कार्ड गेलं," ती म्हणाली. "मी काय समजायचं?"

"तुला जे समजायचं ते समज," धाकटी म्हणाली. चौकटीच्या कागदांची गुंडाळी उचलून ती निघून गेली. तिने दुसऱ्या कारखान्यात पाऊलही टाकलं नाही, पण अक्काच्या दारातही पुन्हा आली नाही. चष्मेवाली तोवर दूरदेशी निघून गेली होती, त्यामुळे मला जुळा भाऊही मिळणार नव्हता.

मी तिकडे खोक्यात. वर्षांमागून वर्षं गेली. शेजारी बरे होते. एक ढोलासारखा मोठा बोर्ड बँकेतून आलेला, तो तोऱ्यात असायचा. एक लहानसं कार्ड फक्त आवाज काढायचं, पण स्पीकर नसल्याने गप्प बसून असायचं. दुकान बंद पडलं, आणि आमचं खोकं भंगारवाल्याकडे गेलं.

तिथे मात्र माझी पाचावर धारण बसली. आमच्या दातांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. भंगारवाला मोठी पक्कड घेऊन बसायचा आणि दात तेवढे कापून डब्यात टाकायचा. बँकेतल्या त्या तोरेबाजाचं बोळकं झालेलं मी डोळ्यांदेखत पाहिलं. माझा नंबर पुढचाच होता. भंगारवाल्याने मला उचललं, पक्कड लावली, तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला.

"अहो, दात काढायचं काम माझं. तुम्ही कशाला माझ्या पोटावर पाय देताय?"

भंगारवाला हसला. बाई ओळखीच्या होत्या. दातांच्या डॉक्टर, आणि जुने कॉम्प्युटर जमवायचं वेड डोक्यात घेतलेल्या. त्यांनी मला हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.

"हा कशातला?"

"काय माहीत. पुलाजवळचं ते दुरुस्तीचं दुकान बंद झालं ना, तिथलं खोकं आहे."

डॉक्टरीणबाईंनी अख्खं खोकं उचललं. मी आयुष्यात एवढा सुटकेचा निःश्वास टाकला नव्हता.

त्यांचं घर दवाखान्याच्या मागे. दवाखान्यात बाहेरच्या बाकाजवळ त्यांच्या सासूबाई बसत आणि पेशंटना आत सोडत. दुपारी पेशंट नसले की डॉक्टरीणबाई एका टेबलावर आम्हा बेवारशांची तपासणी करत. माझी अंघोळ जुन्या टूथब्रशने झाली. कोपऱ्याकोपऱ्यातून लोकरीचं तूस निघालं, आणि त्यांनी ते कुठल्यातरी गोधडीचं समजून झटकून टाकलं. मग डोळ्यांवर भिंगाचा चष्मा चढवून, किडका दात बघावा तसं त्या मला बघत बसल्या.

"सापडला का पत्ता?" सासूबाईंनी विचारलं.

"जन्मसाल सापडलं. चिपांवर बारीक अक्षरात असतं. दातांवरून हा कुठल्या कॉम्प्युटरमध्ये बसायचा तेही कळलं. पण करायचा काय, ते कळेना."

"मग ही काळी पट्टी काढून बघ ना खाली काय लिहिलंय," म्हणत सासूबाईंनी नख पुढे केलं. माझ्या काळजाचं पाणी झालं.

"आई, हात मागे. खिडकी आहे ती. ऊन लागलं तर बिचारा सगळं विसरेल."

"आमच्या नशिबी अशी खिडकी असती तर बरं झालं असतं," सासूबाई म्हणाल्या आणि नख आवरलं.

डॉक्टरीणबाईंनी माझे फोटो काढून आपल्यासारख्या वेड्यांच्या ग्रुपवर टाकले. एकाने ठणकावून सांगितलं, प्रिंटरचं कार्ड. दुसरा म्हणाला, टेलिफोन एक्स्चेंजचं. तिसऱ्याला मी लिफ्टचा वाटलो. चौथ्याने "माझ्याकडे अगदी असाच होता, फेकून दिला" एवढी मोलाची भर घातली. बाई ते वाचून दाखवत होत्या आणि मी सगळं मुकाट्याने ऐकत होतो. आपल्यासमोर आपल्याच घराण्याबद्दल लोक पैजा लावतायत आणि आपल्याला तोंड उघडता येत नाही, ही गंमत ज्याची त्यालाच कळते.

पण बाई चिकाटीच्या. माझ्या पाठीवरची एकेक तांब्याची रेघ त्यांनी बोटाने कुठून कुठे जाते ते पाहिलं. केबलच्या टोकाशी जाड ट्रान्झिस्टरची, म्हणजे विजेच्या बटणांची, रांग होती, त्यावरून त्या म्हणाल्या, "हा काहीतरी ओढतो आणि सोडतो. एक नाही, पुष्कळ काही." इथवर अगदी बरोबर. मग त्यांनी खिडकीवाली चिप अलगद काढून एका यंत्रात ठेवली आणि तिच्यातले एक आणि शून्य पडद्यावर मांडले. प्रिंटरचं कार्ड असेल तर अक्षरांचे आकार दिसतील, म्हणून एकच्या जागी काळा ठिपका आणि शून्याच्या जागी पांढरा, असं केलं.

पडद्यावर अक्षरं आली नाहीत. नुसता भुगा. ओळी एकमेकींशी फटकून वागत होत्या.

"खराब झालाय बहुतेक," त्या उदास होऊन म्हणाल्या. मी खराब झालो नव्हतो. फक्त त्यांनी सगळ्या ओळी एकाच दिशेने वाचल्या होत्या.

तेवढ्यात सासूबाई कपाट आवरताना एक गाठोडं घेऊन आल्या. त्यात अर्धवट विणलेला बाळाचा स्वेटर होता, सुया अजून तशाच खोचलेल्या.

"हा टाकून देऊ का? पोरगा दाढी करायला लागला, आणि याला अजून बाह्या फुटल्या नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी ओशाळून तो घेतला. सवयीने एक ओळ विणली, सुई फिरवली, दुसरी ओळ परत उलट्या बाजूने सुरू केली, आणि थांबल्या. जाताना एका दिशेने, येताना दुसऱ्या. त्या टेबलाकडे धावल्या आणि पडद्यावरची प्रत्येक दुसरी ओळ त्यांनी उलटी करून मांडली.

भुग्यातून एक चोच बाहेर आली. मग मान, मग शेपटी. बघता बघता बदकांची पलटण उभी राहिली.

"आई, इकडे या," त्या म्हणाल्या. "हा विणतो हो. हा बोर्ड विणतो."

सासूबाई चष्मा सावरत बघत राहिल्या. "आणि ते शेवटचं मागे काय बघतंय?"

"ते मला माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा असा फुलला होता की मलाच माझा अभिमान वाटला.

आता मी कोण ते कळलं, पण कुणाचा ते कळलं नव्हतं. त्यांनी बदकांचं चित्र छापून हौसेने दवाखान्यात भिंतीवर लावलं, पेशंटला खुर्चीत पडल्यापडल्या दिसेल असं. मी शेजारच्या फडताळावर. एके दिवशी एक आडदांड बसचालक दाढ दुखते म्हणून आला. तोंडात कापसाचे बोळे, नळी, काय काय. अर्ध्यावर तो भिंतीकडे बोट करून "आं, आं" करायला लागला.

"दुखतंय का?"

त्याने मान हलवली आणि पुन्हा बोट.

"थोडं थांबा, झालंच."

तो काही थांबेना. शेवटी बाईंनी नळी काढली. चूळ भरून तो म्हणाला, "मॅडम, ही बदकं माझ्या अंगावर होती."

"काय?"

"लहानपणी. स्वेटर होता मला. ते मागे बघणारं इथे होतं, खांद्याखाली. आई घ्यायची ते स्वेटर अक्कांच्या कारखान्यातून, भाजी बाजाराच्या मागच्या गल्लीत. अजून आहे तो कारखाना. लहानसा झालाय."

त्याची दाढ भरून होईस्तोवर बाईंना दम निघत नव्हता. संध्याकाळी त्या मला पिशवीत घालून निघाल्या. सासूबाईंनीही चपला घातल्या. म्हणाल्या, "मला त्या बदकाचं विचारायचंय."

कारखान्यात शिरलो आणि मला वासावरून कळलं. लोकर, मशीनचं तेल, भिंतीला लागलेली इस्त्रीची वाफ. अक्का म्हातारी झाली होती. दोन साधी मशीनं चालू होती, आणि माझं मशीन कोपऱ्यात चादर पांघरून उभं, वर खोक्यांची उतरंड. आवाज मात्र तोच फटकळ.

"मापं द्यायचीत का? सोमवारी या."

डॉक्टरीणबाईंनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं.

अक्काने हात पदराला पुसला. मला उचललं आणि उलटं धरून पाठ पाहिली. अंगठ्याने चिपवरची काळी पट्टी चाचपली.

"हे कुणी दिलं तुम्हाला?"

"भंगारवाल्याकडे मिळालं. पुलाजवळचं दुरुस्तीचं दुकान बंद झालं, त्याच्या खोक्यात होतं."

"पुलाजवळचं?" अक्काने पुन्हा विचारलं.

"हो. बहुतेक तिथेच पडून राहिलं असावं."

अक्का स्टुलावर बसली. तिथल्या एका विणणाऱ्या बाईने पाणी आणून दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं. हळूहळू सगळी कथा बाहेर आली, आणि मघाशी मी तुम्हाला सांगितलं ते मला तेव्हा कळलं. मी खोक्यात आळोखेपिळोखे देत पडलो होतो, त्या काळात दोन सख्ख्या बहिणी एकाच गावात परक्यासारख्या राहत होत्या.

"मग फोन करा की त्यांना," सासूबाई म्हणाल्या.

"आधी चालतंय का ते बघू," अक्का म्हणाली. माणसाला अवघड काम टाळायला दुसरं अवघड काम बरं लागतं.

जुना कॉम्प्युटर तिने फेकला नव्हता. वरच्या फळीवर कापडात गुंडाळून ठेवला होता. डॉक्टरीणबाईंनी तो उघडला, झाडला, तपासला, दोन दिवस येऊन जाऊन खटपट केली. शेवटी मला जागेवर खोचलं, केबल जोडली आणि बटण दाबलं. अंगात वीज आली. मी काही विसरलो नव्हतो. कॅरेज आधी कुरकुरली, मग खर्र-खट, खर्र-खट. खालून बदकं उतरू लागली.

पण अर्धीच. चोच डाव्या कडेला आणि शेपटी पार उजव्या कडेला.

"पहिली सुई कुठली धरायची, त्याचं गणित आहे," अक्का म्हणाली. "ते तिलाच जमायचं." आता पळवाट उरली नव्हती. तिने फोन लावला. फोनचा आवाज पलीकडचं बोलणं सगळ्यांना ऐकू येईल एवढा मोठा होता, कारण अक्काला कमी ऐकू यायचं.

"मी बोलतेय."

"मी कोण?"

"किती बहिणी आहेत तुला?"

पलीकडे चालू असलेला रेडिओ कुणीतरी बंद केला.

"कार्ड सापडलं," अक्का म्हणाली. "त्या मेकॅनिककडेच होतं."

मग धाकटी म्हणाली, "मग?"

"मग काय. बदकं अर्धी येतायत."

मग पलीकडून विचारणा झाली, "सुई कुठून लावलीस?"

"तेच तर कळत नाही."

"हात लावू नकोस कशालाही. येते मी."

धाकटी आली. केस पांढरे, पिशवी खांद्याला. तिने कुणाकडे पाहिलं नाही, थेट मशीनपाशी गेली आणि सुया मोजायला लागली. पाठ अक्काकडे ठेवून म्हणाली, "फोनवर बदकांचंच बोललीस. दुसरं काही बोलायचं होतं का?"

"होतं," अक्का म्हणाली. "मी चुकले. तू सांगत होतीस ते मी ऐकून घ्यायला हवं होतं."

धाकटीने कॅरेज कडेला सरकवली. "एकदा म्हणून भागायचं नाही. एवढी वर्षं गिळलंय मी. रोज म्हणायचं, मशीन सुरू करायच्या आधी."

"रोज?"

"रोज. सगळ्यांसमोर."

विणणाऱ्या बायका खाली मान घालून हसल्या. सासूबाईंनी मधे तोंड घालून बदक मागे का बघतंय ते विचारून घेतलं, आणि उत्तर ऐकून "वाटलंच मला" म्हणाल्या. पहिलं अख्खं बदक उतरलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली. आता त्यांच्या ग्रुपवर माझ्या नावापुढे 'स्वेटर विणणारा बोर्ड' असं लिहिलंय. माझ्या कोऱ्या कपाळावर त्यांनी तेच बारीक अक्षरात चिकटवलंही आहे.

सध्या माझं बरं चाललंय. वय झालंय, दुपारी जरा तापतो, मग धाकटी पंखा माझ्याकडे वळवते. तिने नवी नक्षी काढायला घेतली आहे आणि अक्काला तिचा रंग पसंत नाही. तुमच्याकडे कपाटाच्या तळाशी माझ्यासारखा एखादा पडला असेल तर लगेच पक्कड काढू नका. टूथब्रशने घासा, उजेडात धरा, चार जणांना दाखवा. कुणाच्या तरी घरातला माणूस निघायचा तो.

रोज सकाळी अक्का बटणापाशी उभी राहायची आणि शाळेतल्या पोरीसारखं म्हणायची, "मी चुकले." आधी ती भिंतीकडे बघून म्हणायची. मग सवय झाली. मग बायकांना पाठ झालं, त्याही तिच्याबरोबर ओठ हलवायच्या. धाकटी दरवेळी "हं" म्हणायची आणि लोकर भरायची.

आज सकाळी अक्का उभी राहिली, तोंड उघडलं.

"पुरे गं आता," धाकटी लोकरीतून मान वर न करता म्हणाली. "बटण दाब."